पेटीवरून पियानोवर आलेल्या हाताने पुढची रचना कोणती घ्यावी?

पांढरीचार

नमस्कार मंडळी. प्रश्न पियानोचा आहे, पण सुरुवात पेटीपासून करते.

लहानपणी पेटी शिकले, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या. मग नोकरी, संसार, आणि पेटी माळ्यावर. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला आणि दर शनिवारी कॅम्पात शिकवणीला जायला लागले. आतापर्यंत तीन गोष्टी नीट बसल्यात असं म्हणता येईल. एक, सगळे शिकतात तो जी मेजरमधला मिन्युएट (बाखचा म्हणून प्रसिद्ध असला तरी तो पेट्झोल्डचा आहे हे शिकायला लागल्यावर कळलं). दुसरं, बाखचं सी मेजरमधलं पहिलं प्रिल्यूड. आणि तिसरं, बुर्गम्युलरचं आराबेस्क.

आराबेस्क वाजवताना माझं दुखणं लक्षात आलं. सुरुवातीला धावते स्वर उजव्या हाताला आहेत, ते लीलया येतात. पेटीवर पलटे घोटलेले आहेत. पुढच्या भागात तेच धावते स्वर डाव्या हाताला येतात आणि तिथं माझा हात एखाद्या लाकडी पाटीसारखा होतो. साहजिक आहे. माझ्या डाव्या हाताने आयुष्यभर फक्त भाता मारलाय.

आता पुढची रचना निवडायची आहे. टीचरनी तीन पर्याय दिलेत: क्लेमेंटीची ओपस ३६ मधली पहिली सोनाटिना, बाखचं पहिलं टू-पार्ट इन्व्हेन्शन, किंवा शोपाँचं एखादं छोटं प्रिल्यूड. माझं मन मात्र बेथोव्हेनच्या मूनलाइटच्या पहिल्या भागावर किंवा देब्युसीच्या क्लेर द ल्यूनवर (त्याचाही अर्थ चांदणंच) आहे. खरं सांगायचं तर पियानो घेतलाच त्यासाठी.

तुम्ही पुढची रचना कशी निवडता? मनाचं ऐकता, की हाताचं, की गुरूचं?

निळाफेटा

मूनलाइट घ्या. ज्यासाठी वाद्य घेतलं ते वाजवायचं नाही तर मग काय वाजवायचं? मी तेच केलं. सात महिने लागले, पण एकही दिवस कंटाळा आला नाही.

काळीदोन

तुमचा आयडी वाचूनच धाग्यावर आलो. :) मीही पेटीवाला.

एक गंमत पाहिलीत का? मूनलाइट सी शार्प मायनरमध्ये आहे आणि क्लेर द ल्यून डी फ्लॅट मेजरमध्ये. कागदावर एकात चार शार्प (चढवलेले स्वर) आणि दुसऱ्यात पाच फ्लॅट (उतरवलेले), म्हणजे दोन टोकं. पण पट्टीवर बोट ठेवा, दोन्हींचा षड्ज एकच: काळी एक, सप्तकातली पहिली काळी पट्टी! दोन चांदणी रात्री आणि दोन्ही काळी एकमध्ये. मला हे कळलं त्या दिवशी मी पेटी काढून दोन्हींचे सुरुवातीचे स्वर लागोपाठ वाजवून बघितले. एकात कोमल गंधार, दुसऱ्यात शुद्ध. बाकी सगळं त्या गंधाराभोवती.

आणि काळ्या पट्ट्यांना घाबरू नका. शोपाँ आपल्या शिष्यांना पहिली स्केल सी मेजरची देत नसे, बी मेजरची देत असे. कारण मधली तीन लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपसूक बसतात आणि आखूड अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर राहतात. सगळ्या पांढऱ्यांची स्केल वाचायला सोपी, हाताला नाही. पेटीवर काळी दोन, काळी चार वाजवलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मंद्रसप्तक

ठाण्यात पियानो शिकवते, वीस वर्षं होऊन गेली. तुमच्यासारखे मोठ्या वयात आलेले विद्यार्थी माझे सगळ्यात लाडके, कारण त्यांना काय ऐकायचंय ते ठाऊक असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक जण रचना निवडतात ती पहिल्या पानावरून. क्लेर द ल्यूनचं पहिलं पान बघा: संथ, मोकळं, दोन आठवड्यांत जमेलसं वाटतं. पंधराव्या बारपासून (बार म्हणजे पानावरच्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा) मोठाल्या कॉर्डची, म्हणजे एकत्र दाबायच्या स्वरांची, चढण सुरू होते. सत्ताविसाव्या बारला वेग वाढतो आणि डावा हात खालपासून वरपर्यंत वाहत्या आर्पेजिओमध्ये, म्हणजे कॉर्डच्या एकेक सुट्या स्वरांमध्ये, जातो. तुम्ही स्वतःच सांगितलंत की आराबेस्कमध्ये डावा हात लाकूड होतो. मग तिथं काय होईल? पहिलं पान सुंदर येईल, दुसरं कसंबसं, आणि तिसऱ्यावर रचना कायमची सुटेल. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना क्लेर द ल्यून येतं, म्हणजे पहिलं पान येतं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक काम देते. रचना उघडा आणि त्यातल्या सगळ्यात अवघड चार बारवर बोट ठेवा. तेवढेच चार बार घ्या. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं, अगदी संथ, आधी एकेक हात, मग दोन्ही. आठवड्याच्या शेवटी ते चार बार थोडे तरी सुटे झाले असतील तर रचना तुमची. जसेच्या तसे घट्ट असतील तर ती पुढच्या वर्षाची. यात कमीपणा काही नाही, फळ पिकलेलं नाही एवढंच.

आणखी एक. पेटीवरून येणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही. पेटीवर स्वर धरला की भाता चालू असेतो तो टिकतो. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून मरायला लागतो. पुढचा स्वर किती जोरात द्यायचा हे मागचा किती विरलाय यावर ठरतं, आणि हा कान पेटीवर तयार होत नाही. दुसरं म्हणजे पेटीवर लहान-मोठा आवाज भात्यातून येतो, त्यामुळे एका वेळी दाबलेल्या सगळ्या पट्ट्या सारख्याच बोलतात. पियानोवर एकाच हाताच्या करंगळीने गायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने कुजबुजायचं असतं. मूनलाइटचा पहिला भाग म्हणजे नेमकं हेच. उजव्या हातात वर करंगळीची धून आणि खाली तीन-तीनच्या लाटा. पट्ट्या सापडणं सोपं आहे, ६९ बारचा हा भाग संथ आहे. पण धून लाटांत बुडाली की सगळं बुडालं.

डेलावेअरकर

मंद्रसप्तकताईंशी शंभर टक्के सहमत. माझ्या मुलीने हट्टाने फ्युर एलिझ घेतलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सुरुवातीचा तो ओळखीचा तुकडा पंधरा दिवसांत आला आणि घरात उत्सव झाला. मग मधला एफ मेजरचा भाग आला, त्यातले बारीक भराभर स्वर आले आणि गाडी थांबली. त्यानंतर डाव्या हाताला एकच खालचा स्वर ठोकत राहायचा भाग. आठ महिने! मे महिन्यात क्लासचा कार्यक्रम असतो, तिथं तिने पहिला भाग वाजवून नमस्कार केला आणि खाली उतरली. टाळ्या भरपूर मिळाल्या, पण गाडीत बसल्यावर रडली. म्हणाली, "आई, मी अर्धंच वाजवलं."

आता ती बारा वर्षांची आहे आणि गेल्या महिन्यात पूर्ण वाजवलं. मधली तीन वर्षं लहान लहान पंचवीसेक रचना केल्या.

निळाफेटा

@डेलावेअरकर, नऊ वर्षांच्या मुलीपुढे सगळं आयुष्य आहे. आमच्या वयाला "आधी पंचवीस लहान रचना करा" म्हटलं की वाद्यावर चादर पडते. मी पन्नाशीला सुरू केलंय. मला रात्री घरी आल्यावर त्या पियानोपाशी काहीतरी खेचून नेणारं हवं.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून व्हायोलिन. आजोबा चर्चच्या शाळेत सॉल्फेज शिकले. तिथं आधी गाऊन वाचायला शिकवत, वाद्य नंतर हातात देत. गोव्यातून मुंबईला गेलेल्या वादकांनी सिनेमाचे ऑर्केस्ट्रे उभे केले ते याच जोरावर: समोर कागद ठेवला की वाजवायचं. आजोबा म्हणायचे, "एक गाणं पाठ असलेला एक गाणं वाजवतो, वाचता येणारा सगळी वाजवतो."

म्हणून माझा सल्ला चौथाच. एक मोठी रचना घ्या, हवी तर मूनलाइट घ्या, पण रोज दहा मिनिटं तुमच्या पातळीपेक्षा बऱ्याच सोप्या रचना नुसत्या वाचून वाजवा. पाठ करू नका, घोटू नका, उद्या दुसरी. यासाठी शूमानचा आल्बम फॉर द यंग उत्तम. त्याने तो १८४८ मध्ये थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी लिहायला घेतला आणि बघता बघता त्रेचाळीस रचना झाल्या. किंवा बार्टोकचं मिक्रोकॉस्मॉस: १५३ तुकडे, सहा भाग, पहिल्या भागात अगदी पाच बोटांपासून सुरुवात. बार्टोकमध्ये दोन्ही हातांना पहिल्या दिवसापासून सारखं काम आहे, तुमच्या डाव्या हाताचं भलं होईल.

हे केलं की सहा महिन्यांनी पुढची रचना निवडणं सोपं होतं, कारण दुकानात उभ्या उभ्या पान वाचून कळतं की हे आपल्याला जमेल का. आता तर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या संगीतकारांची पानं फुकट मिळतात. आमच्या लहानपणी धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये जाऊन पुस्तक चाळत उभं राहायचो.

काळीदोन

फुर्टाडोज! १८६५ पासूनचं दुकान. मी पहिलं स्टाफ नोटेशनचं पुस्तक तिथूनच घेतलं.

पागोळी

अवांतर: गोव्यात, कोकणात पावसाळ्यात पियानो कसा सांभाळता? आमच्याकडे रत्नागिरीत जुना अपराइट आहे. जूनमध्ये पट्ट्या फुगतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही.

मांडवीकाठ

@पागोळी, आम्ही आत खालच्या बाजूला एक छोटा बल्ब लावून ठेवतो, तबल्याच्या कपाटात ठेवतात तसा. जून ते सप्टेंबर चालू. लाकडाला किंवा फेल्टला टेकू देऊ नका. पियानो बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर आधी तो सरकवा. आणि ट्यूनिंग पावसाळ्यात करू नका, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की करा, नाहीतर दोनदा पैसे जातात.

पागोळी

धन्यवाद! बाहेरच्या भिंतीलाच आहे. उद्याच सरकवतो.

बाखचाशेजारी

लाइपझिगहून. इथं नोकरीला येऊन सहा वर्षं झाली. शुक्रवारी संध्याकाळी थॉमस चर्चमध्ये मुलांचं गाणं ऐकायला जातो. बाखने १७२३ पासून मरेपर्यंत तिथंच नोकरी केली, आणि त्याची समाधीही आता तिथंच आहे. त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा.

पांढरीचारताई, तुमचं दुखणं वाचलं आणि वाटलं की टीचरनी दिलेला दुसरा पर्याय तुमच्यासाठीच आहे. पहिलं इन्व्हेन्शन फक्त २२ बारचं, सी मेजर. उजवा हात एक छोटा वाक्यांश म्हणतो आणि अर्ध्या बारनंतर डावा हात तोच वाक्यांश एक सप्तक खाली म्हणतो. मग पुन्हा उजवा, पुन्हा डावा. तुम्ही गाण्याला साथ केली असेल ना? गायकाने जागा घेतली की पेटीवाला मागोमाग ती जागा दाखवतो. इथं गायकही तुम्ही आणि साथीदारही तुम्हीच. एवढा फरक की साथीदार कधीच पडतं घेत नाही. काही बार पुढे गेलात की डावा हात पुढाकार घेतो आणि उजवा त्याच्या मागे जातो.

बाखने १७२३ मध्ये या रचनांची स्वच्छ प्रत केली, तेव्हा सुरुवातीलाच लिहिलंय की त्या कशासाठी आहेत: दोन स्वतंत्र ओळी स्वच्छ वाजवता याव्यात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाजवणं गातं व्हावं. त्यातल्या बऱ्याचशा त्याने आधी थोरल्या मुलाच्या शिकवणीच्या वहीत लिहिल्या होत्या. डाव्या हाताला गायला शिकवायचंय ना? मग ही वही त्याचसाठी लिहिलेली आहे.

निळाफेटा

पुन्हा औषधच. इन्व्हेन्शन डाव्या हाताचं औषध, क्लेमेंटी स्केलचं औषध. संगीत म्हणजे काढा आहे का?

बाखचाशेजारी

@निळाफेटा, महिनाभर रोज संध्याकाळी ते पहिलं इन्व्हेन्शन वाजवा आणि मग सांगा काढा की काय ते. मला तर ते खेळतंय असं वाटतं. माझी चार वर्षांची लेक ते ऐकलं की खोलीभर दोन बाहुल्या एकमेकींच्या मागे पळवते.

मंद्रसप्तक

निळाफेटादादा, तुमचं म्हणणं मला मुळीच चूक वाटत नाही. ज्या रचनेकडे मन धावत नाही ती घोटून घेतली तर हात शिकतो आणि माणूस निघून जातो. विद्यार्थी असे गेलेले मी पाहिलेत. माझा आग्रह एवढाच की मन धावतंय ती रचना आजच्या हाताला पुरी होण्यासारखी असावी. पूर्ण वाजवलेली एक पानाची रचना माणसाला जे देते, ते अर्ध्यावर सोडलेली सहा पानं देत नाहीत. डेलावेअरच्या त्या मुलीचं वाक्य मी आज माझ्या वर्गात सांगितलं.

परीक्षार्थी

मला वाटतं सरळ ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या परीक्षा मंडळांचा सिलॅबस घ्यावा. ग्रेडप्रमाणे याद्या केलेल्या असतात, निवडायचा त्रासच नाही.

मंद्रसप्तक

@परीक्षार्थी, याद्या चांगल्याच असतात, मी स्वतः त्यातून रचना काढते. पण फक्त परीक्षा धरून चाललं की वर्षाला तीन-चार रचना होतात, त्याच त्या दहा-अकरा महिने. ते अपुरं पडतं. आणि एबीआरएसएम घेणार असाल तर सहाव्या ग्रेडपासून पुढच्या परीक्षांना पाचव्या ग्रेडची थिअरी (किंवा तिच्या जागी चालणारी परीक्षा) पास असावी लागते, हे आधीच लक्षात ठेवा. यादी वापरा, पण यादीबाहेरचंही वाजवा. कुठली रचना किती अवघड याचा अंदाज हवा असेल तर हेन्लेच्या संकेतस्थळावर १ ते ९ असे आकडे दिलेले असतात. निळ्या पुठ्ठ्याची पुस्तकं काढणारे तेच. महाग आहेत, पण एकदा घेतलेलं पुस्तक जन्मभर पुरतं.

रात्रपाळी

मी हॉस्पिटलात काम करते, माझे तास वेडेवाकडे. घरी आले की वीस मिनिटं, हेडफोन लावून. माझ्यासाठी रचना निवडण्याचा एकच निकष: वीस मिनिटांत मला काहीतरी पूर्ण ऐकू आलं पाहिजे. त्यामुळे लहान रचना.

सातीची पहिली जिम्नोपेदी (१८८८ ची) मला पहिल्यांदा सापडली. डावा हात खाली एक खोल स्वर देतो आणि उडी मारून मध्ये एक कॉर्ड. खाली, वर. खाली, वर. संथ आहे म्हणून उडी मारायला वेळ मिळतो. डाव्या हाताला पियानोची लांबी कळते.

मग शोपाँचं ई मायनर प्रिल्यूड, ओपस २८ मधलं चौथं. एक पान, २५ बार. ते वाजवायला लागल्यावर मी दुसरं काही महिनाभर वाजवलंच नाही. वॉर्डात एखादा वाईट दिवस गेला की अजूनही तेच वाजवते. शोपाँच्या अंत्यविधीला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये १८४९ मध्ये ते ऑर्गनवर वाजवलं होतं.

काळीदोन

ऑर्गनवर! म्हणजे पुन्हा भात्याचं वाद्य. गंधर्व नाटक मंडळीच्या ऑर्गनची आठवण आली. ते डाव्या हाताचे कॉर्ड ऑर्गनवर कसे लागत असतील? पियानोवर ते प्रत्येक ठोक्याला विरतात, ऑर्गनवर भिंतीसारखे उभे राहतील.

पांढरीचार

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण मंद्रसप्तकताईंनी दिलेलं काम करत होते.

क्लेर द ल्यूनचे चार बार घेतले, सत्तावीस ते तीस. आठ दिवस, रोज पंधरा मिनिटं. डावा हात हललाच नाही. रडू आलं नाही, पण पुस्तक बंद करताना वाईट वाटलं.

मूनलाइटचेही बघितले. तिथं वेगळीच अडचण आली. माझा हात लहान आहे, सप्तक जेमतेम पोहोचतं. त्यात दोन-तीन ठिकाणी उजव्या हाताला सप्तकाच्याही एक स्वर पुढे जायचंय, आणि वर धून धरून ठेवायचीय. करंगळी सुटते किंवा अंगठा. यावर काही उपाय आहे का?

मंद्रसप्तक

आहे. आतला तो खालचा स्वर डाव्या हाताने घ्यायचा, बऱ्याच ठिकाणी जमतं. पण ती वाटणी पेडलवर अवलंबून आहे, आणि मूनलाइटचं पेडल हे एक स्वतंत्र प्रकरण. बेथोव्हेनने लिहून ठेवलंय की हा सगळा भाग अत्यंत नाजूकपणे आणि डँपर (तारेवर टेकून आवाज थांबवणारे फेल्टचे तुकडे, पेडल दाबलं की उचलतात) उचलून वाजवावा. त्याच्या काळच्या पियानोचा आवाज लवकर विरायचा. आजच्या पियानोवर पेडल तसंच दाबून ठेवलं तर गढूळ चिखल होतो, म्हणून कॉर्ड बदलला की पेडल बदलायचं, अर्धवट, कानाने. एक वर्ष थांबा. तोवर करंगळी गायला शिकू दे.

तुमच्या हाताला आज काय? रात्रपाळीताईंनी सांगितलंय तेच. ई मायनर प्रिल्यूड. डाव्या हाताचे कॉर्ड जवळजवळचे आहेत, लहान हातात मावतात. (याच संचातलं सी मायनरचं, विसावं, फक्त तेरा बारचं आहे म्हणून लोक आधी ते घेतात. त्यात डाव्या हाताला सप्तकंच सप्तकं आहेत, तुम्ही घेऊ नका.) आणि उजव्या हाताची धून बघा: बी, सी, बी, सी. ई हा षड्ज धरलात तर पंचम, कोमल धैवत, पंचम, कोमल धैवत. आसावरी वाजवलेल्या हाताला हा धैवत कसा लावायचा ते मी काय सांगू.

सोबत इन्व्हेन्शन सुरू करा, पण घाईने नको. आठवड्याला दोन बार.

निळाफेटा

आसावरीचं ऐकून मीही पान काढलं. :)

पांढरीचार

दोन महिन्यांनी धागा वर आणतेय.

ई मायनर प्रिल्यूड घेतलं. पट्ट्या दहा दिवसांत सापडल्या. मग खरं काम सुरू झालं, आणि ते सगळं डाव्या हातात होतं. कॉर्ड एकामागोमाग एक ठोकत जायचे, बारला आठ. पहिले दोन आठवडे ते नुसते आदळत होते, शेजारी कुणी खिळे ठोकतंय तसे. टीचर म्हणाल्या, पट्टी पूर्ण वर येऊ देऊ नका, बोटं पट्टीला चिकटलेली ठेवा आणि अर्ध्यातूनच पुन्हा दाबा. चार दिवस काहीच जमलं नाही. पाचव्या दिवशी मनगट सैल झालं, आणि ती हालचाल मला ओळखीची वाटली. संथ लयीत भाता मारताना पंजा असाच हलतो, झटका न देता, हवा संपू न देता. ज्या हाताला मी लाकूड म्हणत होते त्याला हे आधीपासून येत होतं! भात्यावर त्याने चाळीस वर्षांपूर्वी शिकून ठेवलंय.

मग ऐकू यायला लागलं की एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना सगळा हात हलत नाही. एखादं बोट अर्ध्या स्वराने खाली उतरतं, बाकीची जागच्या जागी. मग दुसरं उतरतं. वर उजवा हात तोच पंचम आणि धैवत धरून बसलाय आणि खालची जमीन हळूहळू खचतेय. उजव्या हाताला इथं फारसं काही करायचंच नाही. सगळी गोष्ट डावा हात सांगतोय.

सोळाव्या बारला वेग धरायचा असतो आणि सतराव्याला जोर, तिथं अजून धडपडते. काळीदोनदादांचं वाचून एकदा पेटीही माळ्यावरून काढली आणि तेच कॉर्ड दोन हातांनी लावायचा प्रयत्न केला, भाता आईला मारायला सांगून. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. तिने भाता इतका हळू मारला की स्वर जेमतेम श्वास घेत होते. आणि मला कळलं की शेवटी पियानो कसा वाजला पाहिजे.

एक शंका आहे. तेविसाव्या बारनंतर जी थांबायची खूण आहे, शेवटच्या तीन कॉर्डच्या आधी, तिथं किती थांबायचं? टीचर म्हणतात मोजू नका. मला मोजल्याशिवाय भीती वाटते.

रात्रपाळी

मी आधीचा कॉर्ड खोलीतून पूर्ण जाईपर्यंत थांबते. डिजिटल असेल तर हेडफोन काढा आणि स्पीकरवर वाजवा. हेडफोनमध्ये तो लवकर संपल्यासारखा वाटतो.

पांढरीचार

आत्ताच करून बघितलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, विचारायला की संपलं का. तेवढ्यात शेवटचे तीन कॉर्ड वाजवले.